टाचा भिंतीला, हनुवटी मागे

३ तारीख, सोमवार

आमच्या घरात डोकं टेकायला भिंत नाही. भिंती आहेत चार, म्हणजे नियमाप्रमाणे आहेत. पण एकीला कपाट, एकीला खिडकी आणि खिडकीखाली माझं कामाचं टेबल, एकीला ह्यांची सायकल, जिला तीन वर्षं मागचं चाक नाही आणि तरी जी 'उद्या दुरुस्त होणार' आहे, आणि चौथीला सासूबाईंची खाट. बाईने पंचवीस-सव्वीस वर्षं संसार रेटावा आणि एके दिवशी दवाखान्यात 'भिंतीला टेकून उभ्या राहा' असं सांगितल्यावर तिला कळावं की आपल्या वाट्याला हातभर भिंतसुद्धा आलेली नाही! ह्या अन्यायाची कुठेतरी लेखी नोंद हवी, म्हणून ही वही.

आता खरं कारण लिहिते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही मेल्यासारखी झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, हातात दोष नाही, मानेत आहे. रोज आठ तास मान पुढे काढून बसल्याने मणक्यांत एक नस दबली आहे. सहा आठवडे व्यायाम करायचा. चिमटीत जोर आला तर ठीक, नाहीतर दुसरं काम बघा.

मी रफू करते. कपड्याला पडलेलं भोक त्याच कपड्याच्या दोऱ्यांनी असं विणून काढायचं की भोक होतं हेच कळू नये. ह्या कामात अंगठा आणि बोट सोडलं तर माझ्याकडे दुसरं भांडवल नाही. एकावन्नाव्या वर्षी दुसरं काम बघा म्हणजे दुसरा नवरा बघा म्हणण्यासारखंच. त्यातल्या त्यात नवरा लवकर सापडेल.

४ तारीख, मंगळवार

व्यायाम शिकवणारी मुलगी पंचविशीची, फूटपट्टीसारखी सरळ. मी तिचं नाव मानवाली ठेवलं आहे. ती म्हणाली, "टाचा भिंतीला. पाठ भिंतीला. डोकं भिंतीला. नजर समोर. आता हनुवटी मागे. खाली नाही, वर नाही, मागे. टेबलाचा खण आत सरकवतो ना आपण, तशी. पाच मोजा. सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा."

"आणि मग?"

"मग काही नाही. एवढंच."

माझा अख्खा जन्म पणाला लागलेला आणि औषध काय, तर खण आत सरकवा. आरशात करून बघितलं. गळ्याखाली तीन वळ्या पडल्या. विहिरीतला बेडूक वर बघून विचार करतोय असा चेहरा झाला.

भिंतीचा प्रश्न सुटला. सासूबाई म्हणाल्या, "माझी खाट सरकव हातभर. भिंत घे. पण उसनी. मला परत पाहिजे."

भिंत उसनी देणारी सासू जगात एकच असेल, आणि ती माझ्याच पत्रिकेत होती.

६ तारीख, गुरुवार

सासूबाईंबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ही विद्या त्यांचीच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटणही धड लावता येत नव्हतं. त्यांनी शिकवलं, टोमणे मारत शिकवलं, पण हातचं राखून नाही शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी सुई ठेवली. तोवर मान इतकी वाकली होती की आता त्यांना फक्त जमीन दिसते. माणसं त्यांना पायांवरून ओळखता येतात. दार वाजलं की त्या उंबऱ्याकडे बघून सांगतात, "वरच्या मजल्यावरची आली. टाच फुटलीय तिची."

त्यामुळे माझ्या व्यायामावर त्यांच्याइतकी कडक नजर कुणाचीच नसेल. मी भिंतीला टेकते आणि त्या खाटेवरून म्हणतात, "टाच सुटली. डावी."

"आई, दोन बोटं सुटली असेल."

"दोन बोटांनीच भोक मोठं होतं."

आमच्या धंद्यात शाबासकी एकच. गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करतं, उजेडात धरतं आणि विचारतं, "कुठं होतं?" बस. ह्यापेक्षा मोठं बक्षीस नाही. सव्वीस वर्षांत सासूबाईंनी मला हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. पूर्वी दिसत असताना चुका काढायच्या. आता काम दाखवलं तर "असू दे, असू दे" म्हणून जमिनीकडे बघतात. डोकं वर करून एकदा बघायला काय होतं, देव जाणे. इच्छा असली की सगळं जमतं माणसाला.

१० तारीख, सोमवार

आज कप फुटला. हातात होता, आणि मग नव्हता. मधलं काही कळलंच नाही. ह्यांनी तुकडे उचलले आणि म्हणाले, "जाऊ दे गं, कान तुटकाच होता त्याचा." हे बस डेपोत वेळापत्रक सांभाळतात. कुठलीही गोष्ट उशिरा आली किंवा आलीच नाही, तरी तिचं स्पष्टीकरण ह्यांच्याकडे तयार असतं.

व्यायाम दोनदा केला. वहीत खोटं कशाला लिहू? एकदा केला.

१३ तारीख, गुरुवार

धुलाईवाल्याने बोलावलं. चौकातलं हे कपडे धुण्याचं दुकान. माझं सगळं काम बावीस वर्षं त्याच्याकडून येतं. मागच्या महिन्यातली एक शाल त्याने काउंटरवर पसरली. मी भरलेल्या जागी बारीक चूण पडली होती.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. गिऱ्हाईक परत घेऊन आलं."

"इस्त्री जास्त तापली असेल तुमच्या माणसाची."

"इस्त्री मीच केली होती."

मग त्याने एक कोट काढला. राखाडी, लोकरी, जुन्या काळचा. छातीवर सिगारेटने पडलेलं नखाएवढं भोक. "एका वकिलांच्या वडिलांचा आहे. पुढच्या महिन्यात नऊ तारखेला पाहिजे. हा बघा करून. नाही जमलं तर सरळ सांगा. आतून चिकटपट्टी लावून इस्त्री फिरवणारा एक जण येतोय माझ्याकडे. काम घाणेरडं करतो, पण त्याच्या हाताला काही झालेलं नाही."

शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं. म्हणजे ह्याला माहीत आहे. कप फुटल्याचा आवाज चौकापर्यंत गेला असावा.

सासऱ्यांचाही अगदी असाच कोट होता. त्या काळी सगळ्या पुरुषांनी मिळून एकच तागा विकत घेतला असावा.

आजपासून तीन वेळा. दहा दहा. टाचांसकट.

१६ तारीख, रविवार

भिंतीचा चुना डोक्याला लागतो. ह्यांनी विचारलं, "केस एकदम पांढरे झाले का गं?" हसले नाही.

सासूबाईंच्याही पाठीला चुना लागलेला दिसला. खाट सरकवल्यापासून भिंतीला रेलून बसत असतील. भिंत उसनी दिली म्हणायचं आणि स्वतःच वापरायची! झटकायला गेले तर माझा हात बाजूला केला. "राहू दे. तुझं बघ."

१९ तारीख, बुधवार

कोटाला हात लावला नाही अजून. भीती वाटते. हे वाक्य लिहायला सहा दिवस लागले.

रफूत डोळ्याचं काम फार थोडं. दोरा किती ओढायचा हे बोटाला कळतं. कापड कुरकुरतं, ते बोटाला ऐकू येतं, तिथे थांबायचं. माझं बोट बहिरं झालं आहे. मी ओढत राहते आणि चूण पडते. शालीचं तेच झालं. इस्त्रीचा काही दोष नव्हता.

आज जुन्या फडक्यावर भोक पाडलं आणि भरायला बसले. अर्ध्या तासात सुई सात वेळा पडली. प्रत्येक वेळी सासूबाईंनी सांगितलं कुठे पडली ते. "खुर्चीच्या मागच्या पायाशी." "आता तुझ्या चपलेखाली." सातव्या वेळी मी ओरडले, "कळतंय मला!" कळत नव्हतं. सुई चपलेखालीच होती.

२२ तारीख, शनिवार

भाजीवाल्याच्या शेजारी बसून काय विकता येईल ह्याचा विचार केला. दुसऱ्याच्या पोरांना सांभाळता येईल का ह्याचा विचार केला. पोरांनाच मला सांभाळावं लागेल. डेपोत झाडूचं काम आहे म्हणे. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी वेळापत्रक आणून दिलं असतं.

भिंतीला टेकून पाच मोजताना आज रडू आलं. हनुवटी मागे ओढलेली असताना रडता येत नाही हे कळलं. गळा अडतो. व्यायामाचा हा फायदा मानवालीने सांगितला नव्हता.

२४ तारीख, सोमवार

तीन आठवडे झाले. मानवालीने चिमटीत एक यंत्र धरायला दिलं. काटा दोनावर. पहिल्या दिवशीही दोनच होता.

"रोज तीन वेळा करता ना?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र होतं, त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तेरा तारखेपासून."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग अकराच दिवस झालेत. अजून काही ठरवू नका." आणि मग मला विचारलं, "घरी आणखी कुणी करतं का हा व्यायाम? परवा एक आजी आल्या होत्या. एकट्याच. वाकलेल्या. फक्त भिंतीला कसं उभं राहायचं, ते विचारून गेल्या."

ह्या शहरात वाकलेल्या म्हाताऱ्या काय कमी आहेत? नाही म्हटलं आणि निघाले.

२७ तारीख, गुरुवार

दुपारी बाजारातून लवकर परत आले तर सासूबाई माझ्या जागेवर, भिंतीला पाठ लावून उभ्या. चेहरा लाल, दात आवळलेले, हनुवटी आत. माझी नक्कल! मी दारातच उभी. त्यांना माझे पाय दिसले.

"झाली का गंमत करून?" मी म्हटलं.

"झाली," म्हणाल्या आणि खाटेवर जाऊन बसल्या.

आपल्या दुखण्याची घरातल्या घरात नक्कल होते ह्यापेक्षा वाईट काय असेल? संध्याकाळभर बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत, पण मी टेकले तेव्हा "उजवी टाच" एवढं म्हणाल्याच.

१ तारीख, सोमवार

आज सकाळी एक गोष्ट झाली. चहाचा कप उचलला आणि अंगठ्याला चटका बसला. मी कप धरूनच ठेवला. चटका बसत राहिला. हे म्हणाले, "अगं, ठेव ना खाली!" मी म्हटलं, "थांबा, भाजतंय."

कोट काढला. आतल्या दुमडीतून तीस दोरे ओढून कागदाच्या पुडीत ठेवले. तीसच निघाले. मागे कुण्या शिंप्याने दुमड कापून टाकली आहे, त्यामुळे त्यात आता जास्तीचा एक दोरा नाही. आडवे अर्धे भरले. बोटाला कुरकुर ऐकू आली. अगदी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी.

३ तारीख, बुधवार

सगळं वाया गेलं.

काल फार खूश झाले आणि चार तास मान खाली घालून बसले, मध्ये एकदाही न उठता. आज बोट पुन्हा बहिरं. मला कळलंच नाही. दुपारी उजेडात धरलं तर चूण. शालीपेक्षा मोठी. उसवायला बसले. उसवताना दोरे तुटले. एक, दोन, मग मोजणं सोडलं. शेवटी नऊ तुटले होते. उरलेले पुडीत परत ठेवले.

दुमडीत दोरा नाही. हा रंग, ही जाडी बाजारात मिळत नाही. नऊ दोऱ्यांशिवाय ते भोक भरत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "किती तुटले?"

"एकही नाही."

त्या जमिनीकडे बघत होत्या. नेहमीसारख्याच.

उद्या धुलाईवाल्याला कोट परत करते. बावीस वर्षं. 'नाही जमलं तर सरळ सांगा' म्हणाला होता. सरळच सांगेन. निदान मान तरी सरळ झाली आहे थोडी.

४ तारीख, गुरुवार

गेले नाही. सकाळी ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आईंना थंडी वाजते म्हणे, जुनी शाल हवी. ह्या उकाड्यात! ट्रंकेच्या आवाजाने डोकं उठलं, म्हणून सरळ वरच्या मजल्यावरच्या बाईकडे जाऊन बसले. तिची टाच खरंच फुटली आहे.

५ तारीख, शुक्रवार

कोट परत द्यायचा म्हणून पुडीतले दोरे काढले. एकवीस उरले होते ना? तीस निघाले. पुन्हा मोजले. तीस! मी त्या दिवशी ओढताना चुकीचे मोजले असणार. एकोणचाळीस निघाले असतील आणि मी तीस म्हटलं असेल. मोजण्यात मी पहिल्यापासून कच्ची. काही दोऱ्यांना डांबरगोळीचा वास आहे. वकिलाच्या वडिलांनी कोट जपून ठेवला होता म्हणायचा.

इतकं नशीब मला आयुष्यात मिळालेलं नाही. घाबरत घाबरत बसले आहे. बाजूला गजराचं घड्याळ ठेवलं आहे. दर वीस मिनिटांनी उठायचं, भिंतीला टेकायचं, दहा वेळा, मग पुन्हा टेबल. सासूबाईंना सांगितलं, "मी विसरले तर ओरडा."

"ओरडायला मला सांगावं लागत नाही," म्हणाल्या.

८ तारीख, सोमवार

दुपारी साडेतीनला शेवटचा दोरा आत गेला.

खिडकीशी उभी राहून कोट उजेडात धरला. सावली नाही. चूण नाही. पण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. घरात दुसरं कोण? हे कामावर. वरच्या मजल्यावरची बाई ठिगळालाही छान म्हणेल. मी म्हटलं, "आई, बघा."

"असू दे. झालं ना? असू दे."

आणि काय झालं मला कोण जाणे. पाच आठवड्यांचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, "सव्वीस वर्षांत एकदा, एकदा तरी डोकं वर करून बघा माझं काम! माझी नक्कल करायला उभं राहता येतं, आणि हे बघायला नाही?"

त्या उठल्या. हळूहळू भिंतीपर्यंत गेल्या. टाचा लावल्या. पाठ लावली. डोकं भिंतीला लागत नाही त्यांचं, मध्ये वीतभर पोकळी राहते. हनुवटी आत ओढली. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. आणि नजर जमिनीवरून उठली. टेबलाचा पाय. टेबलाची कड. खिडकीची चौकट, खालची. तिथे थांबली. मी कोट तिच्या दोन हात वर धरून उभी.

"एवढंच येतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी टेबलाचा पाय पण येत नव्हता. मानवाली म्हणाली, म्हाताऱ्या मानेला वेळ लागतो. अजून पंधरा दिवस दे, खिडकी येईल."

पाच मोजून त्यांनी सोडलं. मान परत खाली.

माझ्या हातातला कोट खाली आला. अकरा वर्षं मी काम खिडकीत धरत होते आणि वाट बघत होते. टेबलावर दिवा आहे. त्याची वायर लांब आहे. तो जमिनीवर ठेवता येतो. हे मला अकरा वर्षांत सुचलं नाही.

दिवा खाली ठेवला. त्यांच्या पायांशी बसले आणि कोट दिव्यावर धरला. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, हात गुडघ्यांवर. बघितलं. खूप वेळ बघितलं. मग बोट फिरवलं, छातीवर, खिशापर्यंत, परत. त्यांचं बोट अजून ऐकतं.

"कुठं होतं?"

मला वाटलं भोक कुठे होतं ते विसरल्या. जागा दाखवायला हात पुढे केला, आणि मध्येच थांबला.

"दाखवू नकोस," त्या म्हणाल्या. "मला शोधू दे."

९ तारीख, मंगळवार

धुलाईवाल्याने कोट दोनदा उलटा केला, काउंटरखाली ठेवला आणि दोन पँट आणि एक जाकीट पुढे सरकवलं. चिकटपट्टीवाल्याचं काय झालं, विचारलं नाही मी. त्यानेही सांगितलं नाही.

१४ तारीख, रविवार

उद्या मानवालीकडे जायचं आहे. यंत्राचा काटा कुठे जाईल माहीत नाही. अंगठा आला आहे, शेजारचं बोट अर्धं आलं आहे. कधी ऐकतं, कधी नाही. ते पूर्ण येईलच असं मी इथे लिहिणार नाही. हल्ली ह्या वहीत खरं लिहायची सवय लागली आहे.

आज ह्यांना ट्रंक परत माळ्यावर ठेवायची होती. जड होती म्हणून वरचं सामान मी बाहेर काढलं. सगळ्यात खाली सासऱ्यांचा राखाडी कोट, डांबरगोळ्यांत. त्याची आतली दुमड उसवलेली. उसवण सरळ होती, एकाही ठिकाणी कापड ओरबाडलेलं नाही. डोळ्यांनी केलेलं काम नव्हतंच ते. मी मोजले. नऊ दोरे कमी.

तीन तारखेला जमिनीवर पडलेले तुकडे मी झाडले नव्हते. ते कुणी मोजले, हे आता लिहायची गरज नाही.

सासूबाई खाटेवर आडव्या होत्या, दुपारची झोप. हे सायकलीशी खटपट करत होते. मी ह्यांची राखाडी पँट घेतली, तिच्या दुमडीतून नऊ दोरे ओढले. सासऱ्यांच्या मुलाचीच पँट, म्हणजे माल घरचाच. रंग किंचित उजळ आहे, पण आतल्या बाजूला आहे, डोळ्यांना दिसणार नाही. बोटाला कळेल. कळू दे.

नऊही दोरे विणून दुमड बंद केली. मधे दोनदा उठले, टेकले, दहा दहा. नवव्या दोऱ्याला बोटाने कुरकुर ऐकली आणि थांबले.

कोट घडी करून ट्रंकेत ठेवला, गोळ्या वर टाकल्या, झाकण आवाज न करता लावलं.